सांगावं, पण उसवू नये (गीता, अध्याय 17, श्लोक 15)



काल आपण चौदावा श्लोक पाहिला, शरीराच्या तपाचा. आज पंधरावा, वाणीच्या तपाचा. लहानपणी मला वाटायचं, वाणीचं तप म्हणजे पहाटे उठून खणखणीत आवाजात स्तोत्रं म्हणणं. ते चुकीचं नाही. स्वाध्याय या श्लोकात आहेच, पण तो शेवटी येतो. त्याच्या आधी भगवंत बोलण्याला चार अटी घालतात. बोलणं ऐकणाऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारं असावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं.

आद्य शंकराचार्य या श्लोकाच्या भाष्यात बजावतात की हे सगळे गुण एकत्र हवेत. बोलणं खरं आहे, पण बाकीच्यांपैकी एक गुण जरी नसला तरी ते वाणीचं तप नव्हे. गोड आहे पण खोटं आहे, तरी नव्हे. मग नमुन्यादाखल आचार्य एक वाक्य देतात. ते एका शिकणाऱ्याला उद्देशून आहे आणि त्यात ‘वत्स’ असं संबोधन आहे. मला ते फार आवडतं. एवढे मोठे तत्त्ववेत्ते, आणि आदर्श बोलण्याचा नमुना कोणता दिला, तर लेकराला जवळ घेऊन सांगितल्यासारखा.

आता हे सगळं माझ्या घरात कुठं आलं ते सांगते. आलं ते गोधडीवर.

सासूबाई गेल्या कार्तिकात गेल्या. त्यांच्या ट्रंकेत सात नऊवारी लुगडी निघाली, सगळी सुती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. धाकट्या सुनेला दिवस गेलेले, श्रावणात बाळ येणार. मे महिन्यात ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “आई, आजींच्या लुगड्याचं दुपटं मी स्वतः शिवणार.” तिच्या पाठोपाठ पुतणी म्हणाली, मला पण गोधडी शिकायची. सुट्टीला आलेली लेकीची लेक, वय वर्षं अकरा, तीही सुई घेऊन बसली. तिघींनी याआधी बटणापलीकडे काही शिवलेलं नव्हतं.

आमच्या सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. सासूबाई तर वाकळच म्हणायच्या. त्यांच्या हातच्या वाकळी गावात नावाजलेल्या. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. एका लुगड्याचे चार सारखे तुकडे करून ते एकावर एक अंथरले की एका माणसाची चार थरांची गोधडी होते. चुण्या हाताने सारून काढायच्या, कडेला जड काहीतरी ठेवायचं, लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून घ्यायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकटी चौकटीने आत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. टाका तांदळाएवढा. टाके मोठे झाले की रात्री पायाची बोटं अडकतात. हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. आणि खरं सांगायचं तर बोलणी खात शिकले.

तर माजघरात लुगडी अंथरली गेली. तिघी तीन बाजूंना बसल्या आणि माझ्या जिभेची परीक्षा सुरू झाली.

पुतणीने दोरा घेतला तो दोन हात लांब. तिसऱ्या टाक्याला गाठ. नातीचे टाके एक तांदळाएवढा, तर दुसरा शेंगदाण्याएवढा, आणि ओळ घाटातल्या रस्त्यासारखी. सुनेचा टाका बारीक, पण ती दोरा इतका ओढून घ्यायची की कापड गोळा व्हायचं. मी कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेली. दर दोन मिनिटांनी ओठावर यायचं, “अगं, असं नाही!” आणि मी ते गिळायचे.

का गिळायचे? कारण एकदा गिळलं नव्हतं. ते आज इथे कबूल करणार आहे.

माझी लेक चौदा वर्षांची असताना तिने पहिली गोधडी शिवायला घेतली. माझ्या वाढदिवसाला द्यायची म्हणून. मला दाखवायची नाही, पण घरात लपून काय राहतं? रात्री ती झोपली की मी उघडून बघायचे. ओळी वाकड्या, टाके विस्कटलेले. मला वाटलं, पोरीचे एवढे कष्ट वाया जातील, आपण थोडी मदत करू. म्हणून मी तिच्या दोन-दोन ओळी उसवायचे आणि त्याच जागी सरळ घालून ठेवायचे. चार-पाच रात्री मी हे केलं. तिला एका शब्दानेही बोलले नाही. मला वाटायचं, मी किती समजूतदार आई.

गोधडी पुरी झाली. तिने माझ्या हातात दिली. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर तिने सुई हातात घेतली नाही. आज ती चाळिशीला आली, तिच्या घरी ब्लाउजचा हूकसुद्धा बाहेरून लावून आणतात. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

मंडळी, बोलूनच उद्वेग होतो असं नाही. न बोलता उसवूनही होतो. ‘तुझं केलेलं ठेवण्यासारखं नव्हतं’ हे मी तिला सुईने सांगितलं होतं.

म्हणून या मे महिन्यात मी ज्ञानेश्वर माउलींचा आधार घेतला. या श्लोकावर माउली परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्यासाठी लोखंड तोडत नाही, त्याचं वजन घटवत नाही. तसं बोलणं असावं, जवळच्याला न दुखवता सुख देणारं. आणि पुढे माउली जे सांगतात त्याचा भाव असा, की कोणी विचारलं तर बोलावं, नाहीतर वेदाचं आवर्तन करावं किंवा नाम घ्यावं. मी म्हटलं, हे आपल्याला जमेल. विचारेपर्यंत नाम.

पहिले दोन दिवस मी तसं केलं. तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, “आजी, तू नाम घेतेस का आमचे टाके मोजतेस?”

मी म्हटलं, “का गं?”

“मी चुकले की तुझी माळ थांबते.”

पुतणी खुदकन हसली. सून खाली मान घालून शिवत राहिली. मला मात्र आतून चटका बसला. तोंड बंद होतं, पण भुवया बोलत होत्या, सुस्कारे बोलत होते, माळही बोलत होती. मंडळी, एक गोष्ट कधी लक्षात आलीय का? मौन हे वाणीच्या तपात सांगितलेलंच नाही! ते पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात आहे. मी इतकी वर्षं हा अध्याय वाचते, पण ते त्या दिवशी नातीने शिकवलं. मन गप्प झालं तर मौन. ओठ मिटून आत खटला चालवला तर ते मौन नाही. त्यावर उद्या सविस्तर बोलू.

तेव्हा मी माळ ठेवली आणि दुसरी सुई घेऊन माझा एक तुकडा शिवायला बसले. त्यांच्यातच, जमिनीवर. हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढाच दोरा तोडला. एक ओळ झाली की तळहाताने ती सारून घेतली, म्हणजे ओढलेला दोरा सैल होऊन कापड पसरतं. कोणाला काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने पुतणी म्हणाली, “काकू, तुमचा दोरा गुंतत नाही, माझाच का गुंततो?” तिने विचारलं! मग मी सांगितलं. “लांब दोऱ्याने सारखं ओवायचा कंटाळा वाचतो असं वाटतं, पण गाठी सोडवण्यात त्याच्या दुप्पट वेळ जातो. मीही तसंच करायचे.” सुनेने ते ऐकता ऐकता माझा हात बघितला आणि स्वतःची ओळ सारून घेतली. तिला मी एक शब्द बोलले नव्हते. माउली इथेच आणखी एक दृष्टांत देतात, पाणी जातं झाडाला, पण वाटेतलं गवतही त्यावर जगतं. एकाला सांगितलं की सगळ्यांचं भलं. अट एवढीच, की पाणी झाडाच्या ओढीने गेलं पाहिजे. एकीला सांगायचं म्हणून दुसरीला टोमणा मारायचा, हे त्यातलं नव्हे. लेकी बोले सुने लागे ही आपल्याकडची जुनी खोड, तिला माउलींचं नाव देऊ नये.

पण मग विचारेपर्यंत थांबायचं म्हणजे नेहमीच थांबायचं का? इथे खरी कसोटी आली.

सुनेने दुपट्याला गोठ लावायला लालभडक सुती कापड आणलं होतं. दुकानातून आणलेलं कोरं, घडीसुद्धा न मोडलेलं. तिच्या डोळ्यांत ते दुपटं तयारच होतं, पणजीचं फिकट लुगडं आणि भोवती लाल काठ. आणि मला दिसत होतं पुढचं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आतलं लुगडं शंभर वेळा धुतलेलं, ते आटणार नाही. काठ आटला की सगळं दुपटं द्रोणासारखं वर येणार. आणि लाल रंग सुटला, तर सासूबाईंच्या लुगड्यावर डाग. तान्ह्या बाळाचं दुपटं, ते रोज धुतलं जाणार. लुगडं एकदा बिघडलं की तसं दुसरं आणायचं कुठून?

तिने विचारलं नव्हतं. नाम घेत बसले असते तर माझी प्रतिज्ञा राहिली असती आणि तिचं दुपटं गेलं असतं. तेव्हा ‘हित’ हा शब्द मला दिसला. वाकडी ओळ डोळ्याला खुपते, पण गोधडी ऊब द्यायची थांबत नाही. ती चूक तशीच राहिली तरी चालते. पुढच्या गोधडीत आपोआप सुधारते. पण जी चूक नंतर दुरुस्तच होत नाही, ती आधी सांगावीच लागते. तिथे गप्प बसणं म्हणजे आपला चांगुलपणा सांभाळणं. समोरच्याचं हित सांभाळणं नव्हे.

प्रश्न फक्त कसं आणि कुठं सांगायचं एवढाच.

इथे मला गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहतात, कोणतं मडकं भाजलेलं आणि कोणतं कच्चं. नामदेव महाराज कच्चे ठरले. शिंप्याच्या घरातला हा विठ्ठलाचा लाडका भक्त, चारचौघांत कच्चा ठरला आणि दुखावला. तडक पंढरीला जाऊन देवाकडे गाऱ्हाणं केलं. देवाने काय केलं? ‘ते खोटं बोलले’ असं म्हणाला नाही. तेच खरं त्यालाही मान्य होतं. पण त्याने ते एकांतात सांगितलं, आणि पुढची वाट दाखवली, विसोबा खेचरांकडे जा म्हणून. सत्य एकच, दोनदा सांगितलं गेलं. पहिल्यांदा ऐकून नामदेव उठून गेले. दुसऱ्यांदा ऐकून गुरूकडे गेले. एवढ्या थोर संताची ही कथा, तर कालपरवा सुई धरलेल्या आपल्या पोरींचं काय?

दुपारी सून ताक घुसळायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, “लाल रंग छान निवडलास गं. सासूबाईंनासुद्धा आवडला असता. एक करून बघू या का? पांढरा रुमाल भिजवून त्याच्यावर घासू.” घासला. रुमाल गुलाबी झाला. मला पुढे काही बोलावंच लागलं नाही. तिचा चेहरा उतरला.

“आई, आता दुसरं आणू का?”

“कशाला? हेच रात्रभर पाण्यात टाकू. पाणी पांढरं येईपर्यंत धुऊ. रंग सुटायचा तो सुटेल, कापड आटायचं तेही आधीच आटेल. मग लाव. चार दिवस जातील, एवढंच.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असेल ना? मला वाटलं तुम्हाला माझं शिवणं आवडत नाहीये, म्हणून काही बोलत नाही.”

बघा मंडळी! मी तप समजून गप्प बसले होते आणि तिने त्याचा अर्थ नापसंती असा घेतला होता. तीन दिवस ती बिचारी माझ्या गप्प बसण्याखाली शिवत होती. मी तिला सरळ म्हटलं, “माझं चुकलं. तुझा टाका मला माझ्यापेक्षा बारीक वाटला, ते तेव्हाच सांगायला हवं होतं.” हे खरं होतं, खूश करायला म्हटलेलं नव्हतं. श्लोकातल्या ‘प्रिय’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी नीट लागला. जे चांगलं दिसलं ते न बोलणं हीसुद्धा वाणीची कंजुषीच. दोष तेवढे शोधून सांगतो तो अर्धंच सत्य सांगतो.

कापड पाच वेळा धुतलं. दोन बोटं आटलं.

आता लेकीचं. आमचं स्वयंपाकघरातलं बोलणं ती बाहेर ओसरीवरून ऐकत होती. मला माहीत नव्हतं. संध्याकाळी अंगणात तुळशीपाशी दिवा लावताना म्हणाली, “आई, माझ्याशी पण असं बोलली असतीस तर?”

माझ्या हातात काडी होती, ती विझली. मी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“दुसऱ्याच रात्री कळलं. माझा दोरा निळा होता, तुझा काळा. तू दिव्यात बघितलं नसशील. मी तुला खोटं पाडायला नको म्हणून पुढच्या ओळी मुद्दाम काळ्या दोऱ्याने घातल्या.”

चौदा वर्षांची पोर. मला उद्वेग होऊ नये म्हणून ती बोलली नाही. वाणीचं तप तिने केलं होतं, मी नाही. मी तिची माफी मागितली. तिने नेहमीसारखं “असू दे गं” म्हटलं. ते ‘असू दे’ पूर्ण होतं का, हे मला सांगता येणार नाही. पंचवीस वर्षांचा उसवलेला टाका एका संध्याकाळी भरत नाही, तसं मी लिहिलं तर हा श्लोक वाचायचा मला अधिकार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्यात येऊन बसू लागली. सुई हातात घेतली नाही. पण मला आता चष्मा लावूनही दोरा ओवता येत नाही, तर ती सुया ओवून देत होती. सकाळी पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. एवढंच झालंय अजून. आणि मी विचारलेलं नाही, तू शिवतेस का म्हणून. इथे मात्र मी खरंच थांबलेय.

नातीची ओळ शेवटपर्यंत घाटातलीच राहिली. तिने एकदा विचारलं, “आजी, हे उसवू का?” मी विचारलं, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “राहू दे, ही पहिली आहे हे कळायला पाहिजे.” तिने तिच्या गोधडीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घातली आणि त्यावरून टाके घातले. मला सासूबाई आठवल्या. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, ही कसली वाकळ, हा तर नकाशा. आणि मग रात्री तीच पांघरून झोपल्या असत्या. त्यांची जीभ तिखट होती, पण आमचं शिवलेलं त्यांनी कधी उसवलं नाही. ते मी केलं.

तर आजचा पाठ एवढाच. घरात कोणी नवं काही शिकत असेल, गोधडी असो, भाकरी असो, पेटी असो की पोथीवाचन, तर तोंड उघडण्याआधी मनात चार प्रश्न विचारू. हे खरं आहे का? याने तिचा हात थांबेल की पुढे जाईल? हे तिच्या कामाचं आहे की माझ्या डोळ्याला खुपतंय म्हणून? आणि आज मला तिचं काही चांगलं दिसलं, ते मी सांगितलं का? चारींची उत्तरं नीट आली तर बोलावं. एकांतात, वेळेआधी आणि पुढची वाट हातात देऊन. नाही आली तर नाम आहेच. फक्त माळ चुकीच्या टाक्याला थांबू देऊ नये.

आणि कोणाचं काही रात्री उसवलेलं असेल, तर ते दिवसा कबूल करावं.

पांडुरंगा, माझ्या जिभेला परिसाचा गुण दे. तो मिळेपर्यंत निदान हाताला उसवायची बुद्धी देऊ नकोस.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप.

राम कृष्ण हरी.